एक पावसाळा कमी

नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना एका वर्षात एम.एस्सी. होण्याची वाट मोकळी केली. इतर विषयांचं इतरांनी पाहावं. अभियांत्रिकी भूविज्ञान आणि भूजलशास्त्र यांना ही घाई महागात पडणार, आणि त्याचं कारण निव्वळ हिशेबाचं आहे. मे महिन्यात विहिरीची पातळी मोजायची, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात पुन्हा मोजायची आणि फरकावरून किती पाणी मुरलं ते काढायचं, हा भूजलाच्या अभ्यासाचा श्रीगणेशा. जुलै-ऑगस्टात सुरू होऊन पुढच्या मे-जूनमध्ये आटोपणाऱ्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला पातळी उतरताना दिसेल, पण मे ते ऑक्टोबरची पूर्ण चढण मोजता येणारच नाही. हे काम पदवीच्या चौथ्या वर्षात होईल, असं कुणी म्हणेल. होईलही, पण मग ते तिथे सक्तीचं करा. नुसत्या आशेवर अभ्यासक्रम चालत नाही.

ही घाई का नडेल, ते या विषयाच्या इतिहासातून दिसतं. त्याची सुरुवातीची दशकं झटकन ओलांडली तरी बिघडत नाही. खनिजांचे नमुने, जीवाश्म, खडकांची नावं आणि त्यांची घोकंपट्टी. आपल्या पायाखालच्या बेसाल्टकडे लक्ष जायला धरणं बांधावी लागली. आर. बी. गुप्ते यांच्या पाठ्यपुस्तकाने अभियांत्रिकी भूविज्ञान दख्खनच्या दगडात रुजवलं. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपाने जलाशय आणि भूकंप यांचं नातं चर्चेत आणलं, १९७२च्या दुष्काळाने विहिरींचं शास्त्र निकडीचं केलं, आणि १९८०मध्ये पुणे विद्यापीठातल्या देवळाणकरांनी दख्खनच्या बेसाल्टात पाणी धरण्याची कुवत किती, याची मांडणी केली. पाया घातला गेला होता. त्याची परीक्षा घेतली ती नव्वदच्या दशकाने.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरली आणि दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूमी, हा वर्गातला समज ढासळला. पुढे तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेतलं, तेव्हा बेसाल्ट ३३८ मीटरवरच संपला. खाली होता त्याहून कितीतरी जुना खडक. पृष्ठभागाचा नकाशा कितीही सुबक काढला तरी खालचं कळत नाही, हा धडा इतक्या किमतीला मिळाला. १९९३मध्येच पिण्याच्या पाण्यासाठीचा भूजल कायदा आला. सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, असा त्याचा नियम. हेतू चांगला, पण बेसाल्टातलं पाणी कंपासने काढलेलं वर्तुळ जुमानत नाही. ते दोन थरांच्या सांध्यातून, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांतून, भेगांतून चालतं. मध्ये डाइकची उभी भिंत आली की अडतं. पाणलोटाचा विचार करणारा कायदा २००९चा, आणि तो अमलात यायला २०१४ उजाडलं. या वीस वर्षांच्या दिरंगाईचा जाब कुणी विचारला नाही.

नव्वदच्याच दशकात कोकण रेल्वेने दुसरा धडा दिला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कातळातून गेला. पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा. पण ओल्या, मऊ मातीने तो पुन्हा पुन्हा ढासळवला आणि मार्ग रखडवला. लांबी सोपी ठरली, पाणी अवघड. म्हणजे अभियांत्रिकी भूविज्ञान एका पेपरात आणि भूजलशास्त्र दुसऱ्यात, ही वाटणी डोंगराला मान्य नाही. जुलै २०२४मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून गाड्या थांबल्या, तेव्हा जुना धडा नव्याने वाचला गेला, एवढंच.

हे धडे पुस्तकातून का मिळत नाहीत, ते कोअर बॉक्सपाशी उभं राहिलं की कळतं. ड्रिलमधून निघालेले दगडी दंडगोल पेटीत ओळीने मांडलेले असतात. दहा सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज करून एकूण लांबीशी तिची टक्केवारी काढली की खडकाची प्रत ठरते. गणित शाळकरी पोराचं. पण दोन थरांमधली लाल बोल, म्हणजे मऊ मातीचा पट्टा, ड्रिलच्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि पेटीत तिथे रिकामी जागा उरते. नवखा ती जागा सोडून पुढचा तुकडा मोजतो. जाणता तिथेच थांबतो, कारण धरणाचा पाया नेमका तिथे दगा देणार असतो.

आता उपग्रह आहेत, जीआयएस आहे, मग रानोमाळ हिंडायचं कशाला, असा आक्षेप येतो. साधनं उत्तमच आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. पण १९ जुलै २०२३च्या रात्री गाडली गेलेली इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. दूरवरून घेतलेली प्रतिमा कोणता डोंगर संशयित ते सांगेल. वस्तीच्या वर नवी भेग पडली का, झरा एकाएकी गढूळ झाला का, हे तिथे गेलेला माणूसच सांगतो. दुसरा आक्षेप नोकऱ्यांचा. नोकऱ्या नाहीत हे अर्धसत्य आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा, मुंबईची भुयारी मेट्रो, ही सगळी याच विषयाची कामं. काम मुबलक आहे, भूवैज्ञानिकाला निर्णयाच्या टेबलावर जागा नाही. नाला किती खोल खणायचा हे जलयुक्त शिवार योजनेत अनेकदा पोकलेनच्या तासांवरून ठरलं. खालचा पाणी धरणारा थर फुटतोय का, हे विचारायला कुणी नव्हतं.

वर्ष कमी मिळणार असेल, तर निदान शिकायचा दगड तरी विद्यार्थ्याच्या हाताशी हवा. राज्यात सरकारी पैशातून निघणारा कोअर काम संपलं की अनेकदा टाकून दिला जातो. तो जवळच्या विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला देणं प्रत्येक कंत्राटात बंधनकारक करावं. याला फार पैसा लागत नाही; शासनाचा एक निर्णय पुरे.