मीठ, पाणी आणि वाळवंटाची मजल

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांमधून पूर्णा नदीचे जे सपाट, काळ्या मातीचे खोरे पसरले आहे, त्यातील दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या बाजूंच्या पुष्कळ गावांत विहीर खोदली तर पाणी लागते, परंतु ते इतके खारे असते की पिण्याच्या कामी ते यावे अशी आशा कोणी धरत नाही. म्हणूनच या मुलखाला खारपाणपट्टा असे म्हणतात. अशा प्रदेशात मार्चच्या अखेरीस, पारा चाळिसाला टेकलेला असताना, पाठीवर आठ-दहा किलोंचे ओझे बांधून एखादा तरुण पांदणीच्या फुफाट्यातून संथ गतीने धावत जाताना दिसला, तर धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी त्याला हटकून विचारील, “काहून पयून रायला बाप्पा एवढ्या उन्हात?” हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते: वाळवंट पायी ओलांडण्याच्या शर्यतीची पूर्वतयारी म्हणून तो धावत आहे, आणि त्या धावेच्या निमित्ताने एखाद्या सत्कार्यासाठी द्रव्य गोळा करावे असा त्याचा संकल्प आहे.

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. त्याहून लांब जी जी धाव, तिला अल्ट्रामॅरेथॉन ही संज्ञा आहे. वाळवंटातील अशा धावांमध्ये सर्वांत ख्यातनाम आहे ती मोरोक्कोच्या सहारात होणारी ‘मॅरेथॉन दे साब्ल’. पॅट्रिक बावेर नावाचा फ्रेंच तरुण १९८४ साली अल्जीरियाच्या वाळवंटात पाठीवर रसद घेऊन एकटाच सुमारे ३५० किलोमीटर चालून गेला, आणि जे आपण अनुभवले ते इतरांनाही अनुभवता यावे या ओढीने त्याने १९८६ मध्ये अवघ्या २३ स्पर्धकांनिशी ही शर्यत सुरू केली. पुढे तिचे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आणि मुदत आठवड्याभराची ठरली. त्यात एक मजल ऐंशी किलोमीटरांच्या घरातली असते व ती संपता संपता बहुतेकांना रात्र उलटून जाते. आपल्या देशातही जैसलमेरहून लोंगेवालापर्यंत शंभर मैलांची धाव थरच्या मुलखात होऊ लागली आहे. १९७१ च्या युद्धात ज्या ठाण्यावर मूठभर शिपायांनी रात्रभर रणगाडे रोखून धरले, तेथे ती संपते.

सहारातील शर्यतीचा कायदा कडक आहे. आठवड्याचे अन्न, अंथरूण, होकायंत्र, शिटी, चाकू, उजेडाची बत्ती असा सगळा सरंजाम ज्याचा त्याने वाहायचा, दिवसाला किमान दोन हजार उष्मांकांचे अन्न जवळ आहे हे तपासनिसाला दाखवायचे, आणि पाणी मात्र व्यवस्थापकांकडून ठरावीक ठिकाणी घ्यायचे. होकायंत्र हा यादी भरण्यासाठी घातलेला जिन्नस नव्हे. १९९४ साली इटलीचा मौरो प्रोस्पेरी वादळात वाट चुकला, आणि सुमारे दहा दिवसांनी, सरहद्द ओलांडून अल्जीरियात, जिवंत पण अस्थिपंजर अवस्थेत सापडला. त्या घटनेपासून या शर्यतीत शिरणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी शिकावे की वाळवंटात पायांइतकीच बुद्धी शाबूत राहणे अगत्याचे असते.

तयारीचा विचार करू लागले की सामान्य माणूस प्रथम किलोमीटर मोजू लागतो. माझ्या मते ती गणती दुय्यम आहे. वाळवंटातील धाव हा मुख्यतः उष्णता, मीठ आणि पाणी यांचा जमाखर्च आहे, आणि तो ज्याला जमला त्याचे पाय त्याला पोहोचवतात. मानवी शरीर उष्णतेशी जुळवून घेऊ शकते, हे त्याचे फार मोठे सामर्थ्य होय. रोज तास-दीड तास उन्हात मध्यम श्रम केले, तर साधारण दहा ते चौदा दिवसांत शरीरात लक्षणीय पालट घडतो: पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, त्यामुळे तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात, घाम लवकर सुटू लागतो व अधिक येतो, आणि त्या घामातून जाणारे मीठ मात्र घटते, कारण घर्मग्रंथी ते परत शोषून घ्यायला शिकतात. ही कमाई टिकाऊ नसते. सराव थांबला की तीन-चार आठवड्यांत ती बहुतांशी ओसरते. म्हणून उष्णतेचा सराव शर्यतीच्या ऐन तोंडावर करायचा असतो, सहा महिने आधी केलेल्याचा काही उपयोग नसतो.

येथे वऱ्हाडच्या माणसाला निसर्गानेच झुकते माप दिले आहे. सहारातील शर्यत बहुधा एप्रिलमध्ये असते. तिच्यासाठी युरोपातील थंड देशांचे स्पर्धक तापवलेल्या खोल्यांत यंत्रावर धावतात, धावून झाल्यावर ऊन पाण्याच्या टबात बसून राहतात, आणि त्यासाठी पैसे मोजतात. अकोल्याला मार्चचा उत्तरार्ध हे सर्व फुकट देतो, आणि हवा कोरडी असल्यामुळे घाम तत्काळ उडून जाण्याचा वाळवंटी अनुभवही देतो. घाम अंगावर दिसत नाही म्हणून तो गेलाच नाही असे समजणारा माणूस दुपारपर्यंत लिटरच्या लिटर पाणी गमावून बसलेला असतो; ही फसगत मुंबईच्या दमट हवेत सराव करणाऱ्याला कळणे कठीण.

जुळवून घेण्याची ही विद्या आपल्याकडील कष्टकऱ्याला पुस्तकाशिवाय अवगत आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. डोक्याला दुपट्टा गुंडाळून पहाटेच वखराला जाणारा, उन्हे चढली की निंबाच्या सावलीत अंग टाकणारा आणि भाकरीबरोबर कांदा खाऊन वर ताक पिणारा शेतमजूर जे करतो, तेच क्रीडावैद्यकाच्या ग्रंथांतही सांगितले आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर अखंडपणे अंथरला गेला आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. पावसाने अद्याप तोंड दाखवले नव्हते, आणि पायांखाली तप्त डांबर होते. त्या मजुरांच्या सहनशक्तीची मोजदाद कोणत्याही विक्रमात झाली नाही. ती व्हायला हवी होती असे मला मनापासून वाटते.

पाण्याबाबत एक घातक समज दूर करणे आवश्यक आहे. जितके पाणी प्यावे तितके चांगले, हे तासन् तास चालणाऱ्या श्रमांत खरे नाही. घामाबरोबर मीठ जाते; त्याच्या जागी नुसते पाणीच भरत राहिले तर रक्तातील सोडियम विरळ होते, डोके दुखू लागते, मळमळ सुटते, भ्रम होतो, आणि मेंदूला सूज येऊन प्राणावर बेतू शकते. लक्षणे ऊन लागल्यासारखीच भासतात, म्हणून भोवतालची माणसे आणखी पाणी पाजतात आणि संकट वाढवतात. तहान लागेल तसे प्यावे, त्यात मीठ असावे, आणि सरावाच्या आधी व नंतर वजन करून पाहावे: वजन फार घटले तर पाणी कमी पडले, वाढले तर पिणे जास्त झाले, इतका हा हिशोब सरळ आहे. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण अतिसाराच्या रुग्णासाठी सांगितले जाते. सरावातही तेच लिंबू पिळून चालते, आणि कैरीचे पन्हे किंवा खारे ताक त्याहून रुचकर लागते.

आता पायांकडे वळू. मऊ वाळूत धावायला डांबरी रस्त्याच्या दीडपटीहून अधिक शक्ती खर्चते; म्हणून आठवड्यातून एखादा दिवस नदीच्या कोरड्या पात्रातील वाळूत जावे, आणि बाकीचे दिवस पांदणीने. उन्हाने पाय सुजतात, तेव्हा बूट नेहमीपेक्षा मोठे घ्यावेत, आणि वाळू आत शिरू नये म्हणून त्यांच्या कडेने पॅराशूटच्या कापडाचे मोजे शिवून घ्यावेत. गावचा मोची हे काम उत्तम करतो. लांब पल्ल्याचे दोन दिवस लागोपाठ ठेवावेत, जेणेकरून थकलेल्या पायांनी उठून पुन्हा निघण्याची सवय होईल. ओझे हळूहळू वाढवावे. चढाची सवय हवी असेल त्याला परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारा घाट आहे, अकोल्याकडच्याला नरनाळ्याची चढण आहे. आणि पुष्कळ अंतर निमूटपणे चालावे, कारण अशा शर्यतींत बहुसंख्य लोक निम्म्याहून अधिक वाट चालूनच काढतात, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन अनवाणी पायांनी अकोल्याच्या राजराजेश्वरापर्यंत सुमारे सतरा किलोमीटर येणारे कावडकरी ज्याने पाहिले आहेत, त्याला ओझ्यासह चालण्याचे मोल निराळे समजावून सांगावे लागत नाही.

शिस्तीचीही या भूमीला परंपरा आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले; आणि त्याही आधी, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये, बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले होते. आखाड्यात उस्तादाच्या परवानगीवाचून कोणी जोर वाढवीत नसे. आज मोबाईलवरील आकडे पाहून एका आठवड्यात अंतर दुप्पट करणाऱ्यांनी तो संयम उसना घ्यावा.

कारण धोका खरा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सहारातील शर्यतीत असह्य उष्मा आणि पोटाचे विकार यांमुळे निम्म्याच्या आसपास स्पर्धक बाद झाले व एक जण मृत्युमुखी पडला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरांच्या धावेत अकस्मात गारपीट व थंड वारा सुटून एकवीस धावपटू गारठून दगावले. रुक्ष मुलखात थंडीही मारते, हे विसरू नये. आपल्याकडे मे २०२४ मध्ये अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेपायी जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. नवतप्याच्या दुपारी सराव करणे हे शौर्य नाही. सराव मार्चात करावा, सोबत माणूस असावा, आधी वैद्यकीय तपासणी झालेली असावी, आणि घाम थांबला, बोलणे असंबद्ध झाले किंवा चाल अडखळली की तत्क्षणी सावली, गार पाणी आणि दवाखाना, याहून दुसरा विचार करू नये.

राहिला धर्मादायाचा भाग, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परदेशातील अशा शर्यतीचे शुल्क, प्रवास व साहित्य मिळून खर्च लाखांच्या घरात जातो. हा खर्च धावणाऱ्याने स्वतः सोसावा किंवा त्यासाठी मागायचे असेल तर उघडपणे वेगळे मागावे. सत्कार्याच्या नावाने जमलेल्या पैशातून तो वळता करणे हा विश्वासघात आहे. या बाबतीत वऱ्हाडला आदर्श शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १८७६ साली शेंडगावला जन्मलेले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ देह ठेवणारे गाडगेबाबा जन्मभर पायी हिंडले, त्यांच्या शब्दावर लोकांनी लाखो रुपये दिले, त्यातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या स्वतःजवळ चिंधड्यांचे वस्त्र आणि गाडगे यांपलीकडे काही नव्हते. त्यांच्या कार्याचे एक केंद्र असलेले मूर्तिजापूर याच खारपाणपट्ट्यात येते. वान, काटेपूर्णा यांसारख्या धरणांतून नळाने गोडे पाणी आणण्याच्या योजना झाल्या आहेत, तरी उन्हाळ्यात अनेक गावांना आजही पाण्याची वाट पाहावी लागते. स्वेच्छेने आठवडाभर वाळवंटात पाण्याचा हिशोब ठेवणाऱ्याने, ज्यांना बारा महिने ते मोजून वापरावे लागते त्यांच्यासाठी झोळी फिरवावी, याहून समर्पक हेतू मला सुचत नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच की, आपल्या गावातील एखादा धावपटू किंवा धावपटू भगिनी पावतीपुस्तक घेऊन दाराशी आली, तर पैसा कोणत्या नोंदणीकृत संस्थेला जाणार आणि शर्यतीचा खर्च कोण करणार, हे निःसंकोच विचारा. संस्थेची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे आहे की नाही ते पाहा. शर्यतीनंतर जमाखर्च छापून मागा. आणि उत्तरे समाधानकारक मिळाली, तर हात आखडता घेऊ नका.