दोन ठिपक्यांमधली रेघ

वॉर्डातील तापाचा तक्ता आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत पाहिला आहे. दर सहा तासांनी पारा पाहायचा, ठिपका द्यायचा आणि ठिपके रेघेने जोडायचे. सकाळी सहा आणि दुपारी बारा यांच्या दरम्यान बाळाला हुडहुडी भरून ताप १०३ वर गेला आणि घाम येऊन उतरला, तरी तक्त्यावरची रेघ सरळच राहते. लसींच्या फ्रिजचे तापमान दुरून मोजण्याच्या नादी लागल्यावर हा जुना धडा मला पुन्हा गिरवावा लागला.

ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला. टिळकवाडीतील माझ्या दवाखान्यात पाणी शिरले नाही. मात्र शनिवारी रात्री वीज गेली. फ्रिजमधील तापमान-नोंदणी यंत्र वायफायने माझ्या मोबाईलशी जोडलेले होते. रविवारी मी दोनतीनदा पाहिले: ४.२ अंश, हिरव्या अक्षरांत. सोमवारी सकाळी मदतनीस बाईंनी राउटर सुरू केला, आकडा ४.८ झाला. फ्रिज गार होता. तीन बाळांना एमएमआर टोचून झाल्यावर शेजारचे औषधविक्रेते सहज म्हणाले, "डॉक्टर, काल दुपारपर्यंत आपल्या ओळीत वीज नव्हती."

आलेख उघडला. शनिवार रात्रीचा ठिपका आणि सोमवार सकाळचा ठिपका यांना जोडणारी एक देखणी सरळ रेघ! विजेबरोबर राउटर गेला होता आणि यंत्राला स्वतःची साठवण नव्हती. रविवारी मी जे पाहत होतो तो शनिवारचा आकडा होता.

हिपॅटायटिस बीची लस काही तासांची उष्णता सोसते. एमएमआर आणि कांजिण्यांच्या लसींबाबत तशी खात्री देता येत नाही. त्यांचा साठा टाकून दिला. तिन्ही घरी मी स्वतः फोन केला आणि चार आठवड्यांनी बाळांना पुन्हा लस दिली. एका आजींनी विचारले, "फ्रिज बंद होता हे तुम्हाला कळलं कसं नाही?" उत्तर माझ्याकडे नव्हते.

त्यानंतर वर्षभर मी या विषयाचा पाठपुरावा केला. पहिला प्रश्न, किती वेळाने मोजावे? नियम सोपा आहे: ज्या चढउताराची आपल्याला भीती आहे, त्याच्या कालावधीत किमान दोन आणि व्यवहारात त्याहून बऱ्याच नोंदी पडल्या पाहिजेत. माझे यंत्र अर्ध्या तासाने मोजत असे. कॉम्प्रेसरचे चक्रही साधारण तेवढेच असले, तर प्रत्येक नोंद चक्राच्या एकाच टप्प्यावर पडते आणि खालीवर होणारे तापमान कागदावर स्थिर दिसते. म्हणून मी उत्साहाने दर मिनिटाला मोजू लागलो. दार उघडले की धोक्याची सूचना, हवेचा गार झोत आला की सूचना! हवा मिनिटात बदलते, कुपीतील द्रव सावकाश. ग्लायकॉलच्या बाटलीत बुडवलेला संवेदक घेतला तेव्हा कुठे यंत्र कुपीच्या भाषेत बोलू लागले. आता दर पाच मिनिटांनी मोजतो, दिवसाला २८८ नोंदी.

सूचना केव्हा द्यावी, हा वेगळा निर्णय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यताप्राप्त तीस दिवसांच्या नोंदणी यंत्रांत ८ अंशांच्या वर सलग १० तास किंवा उणे ०.५ च्या खाली ६० मिनिटे गेल्यास धोका दाखवला जातो. गोठण्याची मुदत इतकी कमी का, हे आपल्याला सांगायला नको. ॲल्युमिनियमयुक्त लस एकदा गोठली की वाया गेली, आणि कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन फक्त उष्णतेची साक्ष देतो.

दुसरा प्रश्न जोडणीचा. मोजायला वीज फारशी लागत नाही. बॅटरी खाते ते प्रक्षेपण. म्हणून दर नोंद तत्काळ धाडण्याचा हट्ट नको. आपल्या देशात २०१५ पासून सुरू झालेल्या 'ईविन' योजनेत सरकारी शीतसाखळीतील यंत्रे दर दहा मिनिटांनी नोंद घेतात आणि तासाने ती सिमकार्डाद्वारे सर्व्हरला पाठवतात. मर्यादा ओलांडली तर एसएमएस जातो. मीही तोच आदर्श ठेवला. ब्लूटूथ शेजारच्या खोलीपर्यंतच. वायफाय स्वस्त, पण ते विजेवर जगते, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी मरते. बॅटरीवरचे सिमयुक्त यंत्र घेतले. फ्रिजचा पत्रा संदेश अडवतो, म्हणून संवेदक आत आणि यंत्र बाहेर. संपर्क तुटला तरी नोंदी यंत्रातच साठतात आणि संपर्क आल्यावर वेळेसह पोहोचतात.

सर्वांत मोलाची सोय मात्र मी मागून करून घेतली. रडणाऱ्या बाळापेक्षा गप्प पडलेल्या बाळाकडे आपण आधी धावतो. तसेच, दोन तास यंत्राकडून काहीच आले नाही तर सर्व्हरने मला आणि मदतनीस बाईंना फोन करावा.

गेल्या पावसाळ्यात पहाटे तीनला असा फोन आला. भर पावसात बर्फाची पेटी घेऊन दवाखाना गाठला. फ्रिज उत्तम चालू होता, साडेचार अंश. सिमचे रिचार्ज संपले होते.