लॉकडाऊनने काय दिलं?

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर २१ दिवसांचा लॉकडाऊन लागला. पुढे तो वाढतच गेला. कामं गेली, जवळची माणसं गेली. ते दुःख विसरता येणार नाही. पण काही चांगल्या सवयीही लागल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत आपण शिक्षक मोबाईलवर शिकवू लागलो. जिथे मोबाईल नव्हता, तिथे ओट्यावर चार-पाच मुलं बसवून ताई-दादा धाकट्यांना वाचून दाखवू लागले. काही घरांत बाबा पोळ्या लाटायला शिकले. आपलं मूल नेमकं कुठे अडतं, हे अनेक पालकांना जवळ बसल्यावरच कळलं. पालकहो, आता शाळा उघडल्यात, तरी रोज १५ मिनिटं मुलाजवळ बसून वही बघायची सवय मात्र सोडू नका.