भावकीतलं लग्न थायलंडला? पासपोर्टपासून परतीच्या दागिन्यांपर्यंत काय काय बघायचं

विटा : लग्नाची पत्रिका आता व्हॉट्सॲपवरच येते. तिच्यावर मंगल कार्यालयाच्या जागी ‘हुआ हिन’ नाहीतर ‘फुकेत’ असं दिसलं, की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा पहिला प्रश्न असतो, “हे कुठल्या तालुक्यात आलं?” खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाईवाली कुटुंबं देशभर पांगलेली आहेत. कुणी चेन्नईला, कुणी दिल्लीला, कुणी कोलकात्याला. दोन्हीकडचे पाहुणे चार राज्यांतून यायचे असले की लग्न थेट थायलंडला करण्याचा विचार पुढं येतो. मुंबईहून बँकॉक विमानानं साधारण चार-साडेचार तासांवर आहे. हुआ हिन हे समुद्रकाठचं गाव तिथून पुढं रस्त्यानं सुमारे २०० किलोमीटर. फुकेतला स्वतःचं विमानतळ आहे.

यजमान हॉटेल आणि जेवणखाण बघतो. विमानाचं तिकीट तो काढणार की आपण, हे मात्र आधीच विचारून घ्यावं. विचारायला लाज वाटते, म्हणून पंधरा दिवस राहिले तरी दोन्हीकडं सगळे गप्प, आणि तोवर तिकिटाचे भाव चढलेले, असं होतं.

पासपोर्ट : तिथंच जास्त अडतं

पत्रिका हातात पडली त्याच आठवड्यात पासपोर्टचा अर्ज भरावा. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. साठीच्या पुढच्यांना आणि आठ वर्षांच्या आतल्या मुलांना नव्या साध्या अर्जावर दहा टक्के सूट मिळते. अर्ज सरकारच्या पासपोर्ट सेवा साइटवर किंवा ॲपवर भरायचा, फी तिथंच भरायची आणि तारीख मिळाली की मूळ कागद घेऊन केंद्रावर जायचं. त्यानंतर पोलीस पडताळणी होते. ठाण्यातून फोन आला आणि आजोबा रानात होते, फोन घरी होता, एवढ्यावरही काम लांबतं. अर्जात जो मोबाइल नंबर दिला तो जवळ ठेवा.

खरी अडचण असते ती नावाची. आधारवर ‘मंदा’, शाळेच्या दाखल्यावर ‘मंदाकिनी’, मतदान कार्डावर माहेरचं आडनाव. जुन्या माणसांत अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. १ जून असायला हरकत नाही, पण ती सगळ्या कागदांवर सारखीच हवी. नाव-तारखेत फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्यावं, मगच अर्ज करावा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाला जन्मदाखलाच लागतो, दुसरा पुरावा चालत नाही. आणि हो, तान्ह्या बाळालाही स्वतःचा वेगळा पासपोर्ट लागतो. आईच्या पासपोर्टवर काम भागत नाही.

ज्यांच्याकडं पासपोर्ट आहे त्यांनी मुदत बघावी. प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, मुलांचा पाचच वर्षं, आणि मुलांचीच मुदत बघायची राहून जाते.

तिकीट काढणाऱ्या पाहुण्याला नाव तोंडी सांगू नये. ‘आक्का’, ‘बापू’, ‘भाऊसाहेब’ या नावांनी तिकीट निघालं तर विमानतळावर कुणी आत सोडत नाही. पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानाचा स्वच्छ फोटो पाठवावा. त्यावर जसं स्पेलिंग आहे तसंच तिकिटावर यायला हवं.

दहावी न झालेल्यांसाठी एक खास गोष्ट

पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शिक्का किंवा उल्लेख असतो, तो दहावी पास नसलेल्यांच्या. असे लोक १८ ठरावीक देशांत नोकरीला निघाले तर त्यांना सरकारी परवानगी लागते. थायलंड, संयुक्त अरब अमिरात, इंडोनेशिया हे देश त्या यादीत आहेत. लग्नाला किंवा फिरायला जाणाऱ्यांना ही परवानगी लागत नाही, पण मुंबई विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी चार प्रश्न जास्त विचारू शकतो. घाबरायचं नाही. लग्नपत्रिका, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग यांच्या छापील प्रती हातात ठेवायच्या आणि खरं ते सांगायचं. पन्नाशीच्या पुढच्यांना आणि १८ वर्षांखालच्यांना हा ईसीआरचा नियम लागत नाही, त्यामुळं आजी-आजोबांनी काळजी करू नये.

तरुण पोरांना जास्त विचारतात, त्याला कारण आहे. ‘थायलंडला नोकरी’ म्हणून पोरांना बोलवायचं आणि सीमेपलीकडं म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवायचं, असे प्रकार झाले. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. लग्नाला गेलेल्या पोराला तिथं कुणी पगाराचं आमिष दाखवलं, तर लग्नाच्या घोळक्यातून बाहेर पडू नये.

व्हिसा आणि फुकटचा फॉर्म

जुलै २०२४ मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवसांपर्यंत राहायची मुभा दिली. पण असे नियम तिथलं सरकार बदलत असतं, म्हणून तिकीट काढायच्या आधी थायलंडच्या दूतावासाच्या साइटवर त्या वेळचा नियम बघावा. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मेव्हण्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

व्हिसा लागो न लागो, १ मे २०२५ पासून ‘टीडॅक’ नावाचा ऑनलाइन फॉर्म प्रत्येकाला भरावा लागतो. थायलंडला पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत तो भरायचा. पासपोर्ट नंबर, विमानाचा नंबर, हॉटेलचा पत्ता एवढीच माहिती लागते. भरल्यावर जो क्यूआर कोड येतो त्याचा स्क्रीनशॉट ठेवायचा. हा फॉर्म पूर्ण फुकट आहे. गुगलवर शोधलं की हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट वर येतात आणि पैसे मागतात. खरी साइट थायलंडच्या इमिग्रेशन खात्याची, तिच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गो डॉट टीएच’ असतं. पैसे मागितले की साइट बंद करायची.

बॅगेत काय जातं, काय नाही

इथं आपल्या बायामाणसांचा खरा कस लागतो, कारण लग्न म्हटलं की ओटी आली आणि ओटी म्हटलं की खोबऱ्याची वाटी. सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यात तेल असतं, उष्णतेनं पेट घेऊ शकतं, म्हणून ते सामानात देता येत नाही आणि हातातल्या बॅगेतही नेऊ देत नाहीत. कापूर, काडीपेटी, लाइटर, फटाके हेही नाही. नारळाची काळजी करायचं कारण नाही, थायलंडमध्ये नारळ आपल्या कोकणासारखेच रस्त्यावर मिळतात. आंब्याचे डहाळे, विड्याची पानं, तुळस, ताजी फळं असलं काही नेऊ नये, तिकडच्या तपासणीत अडकतं. हळदी-कुंकू, वस्त्रमाळ, लाह्या, चटणी नीट बंद पाकिटात घालून मोठ्या बॅगेत ठेवावं. लोणचं, तूप, तेल १०० मिलीलिटरपेक्षा जास्त असेल तर हातातल्या बॅगेत चालत नाही. अडकित्ता, कात्री, सुरी मोठ्या बॅगेत. पॉवर बँक उलट, ती फक्त हातातल्या बॅगेत.

लग्न दुबईत किंवा सिंगापुरात असेल तर आणखी एक सांगणं आहे. तिथं खसखस अमली पदार्थांच्या यादीत धरतात. रुखवतातले अनारसे खसखशीवरच थापलेले असतात, तेव्हा ते घरीच ठेवा. गंमत वाटेल, पण तिकडचा पोलीस गंमत म्हणून घेत नाही.

रक्तदाब, साखरेच्या गोळ्या मूळ पाकिटातच न्याव्यात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि दोन-चार दिवसांच्या जास्त गोळ्या हव्यात. त्या हातातल्या बॅगेत, कारण मोठी बॅग कधीकधी दुसऱ्या दिवशी येते. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली दुखण्याची नाहीतर खोकल्याची औषधं असतील तर आधी डॉक्टरांना सांगून पर्याय घ्यावा. ई-सिगारेटला थायलंडमध्ये बंदी आहे.

आणि कुणाचीही बॅग, ‘एवढं पुडकं तेवढं घेऊन जा’ म्हणालं तरी, घ्यायची नाही. बँकॉकहून मुंबईत येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात गांजा सापडल्याच्या बातम्या सारख्या येतात. त्यातले बरेचजण फुकट सहलीच्या मोहापायी दुसऱ्याची बॅग वाहणारे असतात. जामीनसुद्धा लवकर होत नाही.

पैसे, फोन, विमा

थायलंडचं चलन बाहत. एक बाहत म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. आपल्या बँकेतून किंवा परवानाधारक मनी चेंजरकडून थोडे बाहत घेऊनच निघावं, पावती जपून ठेवावी. भारतीय नोटा जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात. इथल्यासारखं सगळीकडं फोनवरून पैसे देता येतील असं धरून चालू नये. एटीएममधून काढले तर तिथली बँक दर वेळी दोनशे बाहतहून जास्त शुल्क घेते, म्हणून दहा वेळा थोडे थोडे काढण्यात अर्थ नाही.

आपलं सिम सुरू ठेवावं, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही. निघायच्या आधी रोमिंगचा पॅक मारावा. पॅक न मारता तिकडं इंटरनेट सुरू राहिलं तर बिल बघून झोप उडते.

प्रवास विमा सगळ्यांनी काढावा, पण साठीच्या पुढच्यांनी तर नक्कीच. आधीचा आजार लपवू नये. लपवला तर दवाखान्याचं बिल विमा कंपनी नाकारू शकते. हा खर्च यजमान करतोय का, तेही विचारून घ्यावं.

तिथं गेल्यावर

घड्याळ दीड तास पुढं करायचं. पत्रिकेतला मुहूर्त तिकडच्या वेळेप्रमाणं असतो, आपल्या मोबाइलची वेळ बदलली नाही तर अक्षता हुकतात.

वरातीत नोटा ओवाळून उडवायची हौस तिथं करू नये. बाहतच्या नोटेवर राजाचं चित्र असतं. नोट पायाखाली आली तर राजाचा अपमान समजला जातो आणि राजाच्या अपमानाला तिथं तुरुंगवासाची शिक्षा आहे. राजाच्या फोटोसमोर चेष्टा, उलटसुलट व्हिडिओ हेही नको. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बुद्धमूर्तीकडं पाय करून बसायचं नाही. नऊवारीत गेलेल्या बायकांना काही बदलावं लागत नाही, बर्म्युडा घालून निघालेल्या पोरांनाच परत पाठवतात.

लग्नातलं जेवण बहुतेक भारतीयच असतं. बाहेर खायची वेळ आली तर माळकऱ्यांनी ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. ‘जे’ जेवण म्हणजे मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. नुसतं ‘व्हेज’ सांगितलं तर भाजीत माशाचं पाणी पडू शकतं. फणसासारखा दिसणारा ड्युरियन खोलीत आणायला बहुतेक हॉटेलांत बंदी असते, वास भिंतीत बसतो. नळाचं पाणी पिऊ नये.

विहिरीत पट्टीचं पोहणाऱ्यालाही समुद्र वेगळा असतो. लाल झेंडा असेल तिथं पाण्यात उतरायचं नाही. भाड्याच्या स्कूटीसाठी आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो नसताना पडझड झाली तर विमाही मिळत नाही. स्कूटीवाल्याकडं पासपोर्ट तारण ठेवू नये. अडचण आली तर पर्यटक पोलीस ११५५, रुग्णवाहिका १६६९. पासपोर्ट हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन बँकॉकच्या भारतीय दूतावासात जायचं. म्हणून पासपोर्टचा फोटो घरच्या एका माणसाच्या मोबाइलमध्ये असू द्यावा.

सोनं

गलाईच्या गावात सोन्याबद्दल कुणी सांगावं लागत नाही, पण कस्टमचा हिशेब वेगळा असतो. अंगावर घरचे भारी दागिने घालून जायचे असतील तर मुंबईत सामान देण्याआधी कस्टमच्या कक्षात दागिने दाखवून निर्यात दाखला घ्यावा. सोबत बिलं किंवा मूल्यांकन असलं तर लवकर होतं. त्यासाठी नेहमीच्या तीन तासांपेक्षा आणखी तासभर आधी पोचावं. दाखला नसेल तर येताना हे सोनं इथूनच नेलं होतं, हे सिद्ध करत बसावं लागतं. एक वर्षाहून जास्त परदेशात राहून येणाऱ्याला दागिन्यांची जी सूट असते, ती चार दिवसांच्या पाहुण्याला नाही. बँकॉकमध्ये सोनं घेतलंच तर परत आल्यावर लाल मार्गानं जाऊन सांगावं, शुल्क भरावं. पोहेहार, तोडे, पाटल्या असं जोखमीचं घरी ठेवून एक मंगळसूत्र आणि बांगड्यांवर लग्न उरकणारे पाहुणे परतीच्या रांगेतून सगळ्यात आधी बाहेर येतात.