पडद्यावरची जिजाई बाहुलीत कशी उतरवावी?

चित्रपटातले आवडते पात्र वीतभर उंचीच्या बाहुलीत हुबेहूब उतरवण्याचा छंद आज जगभर पसरला आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने सुमारे बारा इंच उंचीचा, सांध्यांत हलणारा शिपाई विक्रीस आणला. मुलगे ‘बाहुली’ विकत घेणार नाहीत या धास्तीने त्याचे नाव ठेवले ‘ॲक्शन फिगर’. पुढे हौशी मंडळी अशा तयार बाहुल्यांची डोकी बदलून, कपडे शिवून आपापले नायक घडवू लागली. हे नायक बहुधा तलवार किंवा बंदूकवाले. मी मात्र आपल्यापुढे हातात वहाण घेतलेली एक बाई ठेवणार आहे : प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधली जिजाई.

दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ साली आला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस, जिजाई झाली गौरी. मुलगा आजारी पडतो, तेव्हा ही माउली त्याला देवळात घेऊन जाते आणि वहाण उगारून विठोबालाच जाब विचारते. घरातल्या राबणुकीची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नसते. ती राबणूक इथे देवासमोर उभी राहून बोलते. तुकोबांच्या मूर्ती बाजारात मिळतात. जिजाई हवी असेल तर ती आपणच करावी लागते.

आता कृतीकडे वळू. या छंदातले रूढ माप म्हणजे मूळ उंचीचा सहावा हिस्सा. पाच फुटी बाई म्हणजे साठ इंच, तर बाहुली दहा इंच. बाजारातली बाहुली मात्र साडेअकरा इंचांची, लांब टांगांची, बारीक कमरेची आणि टाचा उचललेली असते. अशी बाई पाण्याची घागर उचलू शकणार नाही! म्हणून आधी नडगीतून दीड इंच काढावा, आत तारेचा तुकडा घालून पाय पुन्हा सांधावा. नंतर घोट्यापासून पाऊल कापून सपाट, रुंद पाऊल नव्याने करावे. नळाची गळती थांबवायला दोन पदार्थ एकत्र मळून लावतात, ते एम-सील या कामाला उत्तम. कंबर आणि दंडही त्यानेच भरून घ्यावेत. मळताना हातमोजे घालावेत आणि घासताना नाकातोंडावर फडके बांधावे. कारखान्यात जी काळजी आपण मागतो, ती घरीही घ्यावी.

लुगड्याचे गणित गमतीचे आहे. नऊ वारांचा सहावा हिस्सा दीड वार. पण तेवढे कापड नेसवले तर बाहुली गाठोड्यासारखी दिसते; कारण लांबी सहापट कमी झाली तरी कापडाची जाडी तेवढीच राहिली. म्हणून जुन्या धुतलेल्या मलमलीचा पाऊण वार घ्यावा, कासोटा आतून टाक्यांनी धरावा, आणि पाणी घातलेल्या खळीत भिजवून निऱ्या बोटांनी बसवाव्यात. वहाण दीड इंचाची. तिचे चामडे रापीने तासून कागदासारखे पातळ करावे लागते. ते काम चपला शिवणाऱ्या कारागिराकडून समजून घ्यावे. धानोऱ्यासारख्या गावात हे कसे जमायचे, असे कोणी म्हणू नये. शिंपी, चामड्याचा कारागीर आणि हार्डवेअरचे दुकान एवढ्यावर भागते. उरलेले नंदुरबारच्या बाजारातून आणावे.

रंगाचा प्रश्न खरा अवघड. चित्रपट कृष्णधवल आहे. लाल आणि हिरवे लुगडे त्यात एकाच करड्या छटेचे दिसू शकते. मग ‘पडद्याबरहुकूम’ म्हणजे काय? दोन मार्ग आहेत. एक तर सारी बाहुली काळ्या-पांढऱ्याच्या छटांत रंगवावी. ते पडद्याशी इमान. नाही तर त्या छटेत बसेल असा, कष्टाच्या घरात शोभेल असा गडद रंग निवडावा. ते पात्राशी इमान. दोन्ही मार्ग योग्य आहेत. निम्मे हे, निम्मे ते असे मात्र करू नये.

शेवटी साम्य कशावर ठरते? नवखा माणूस चेहऱ्यावर महिनाभर खपतो. दहा इंचांच्या बाहुलीचा चेहरा जेमतेम सव्वा इंचाचा. चार पावलांवरून त्यातले काही दिसत नाही. दिसते ती ठेवण : पाय कसे रोवले, खांदा किती चढला, कमरेचा भार कुठल्या पायावर गेला. चित्रपट आज घरी थांबवत थांबवत पाहता येतो. तसा तो पाहावा. पण तेवढ्याने भागणार नाही. आठवडे बाजारात डोक्यावर पाटी घेऊन उभी असलेली, भावावरून व्यापाऱ्याशी भांडणारी बाई नीट पाहावी. गौरीने पडद्यावर जे उभे केले ते अशाच बायांचे उभे राहणे आहे.

पारख सोपी आहे. रात्री दिव्यासमोर बाहुली ठेवून भिंतीवरची सावली घरातल्या कुणाला तरी दाखवावी. नाव न सांगता त्याने ‘ही कुणावर तरी संतापली आहे’ एवढे ओळखले, तर चेहरा रंगवायला बसावे. तसे ओळखले नाही, तर पुन्हा पायांपासून सुरुवात करावी.