घरचा पहारा

आवणीचे दिवस. मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या बाजूला एका घरी गेलो होतो. घरचे सारे शेतावर, आणि पडवीत पंचविशीतला मुलगा एकटाच बसलेला. आठ दिवसांपूर्वी ‘मला जगायचं नाही’ असे तो आईला म्हणाला होता, तेव्हापासून माझे औषध चालू होते. चिखलाच्या पायांनी आई धावत आली. म्हणाली, “डॉक्टर, बरा आहे आता. काल जेवला, बोलला.”

मला नेमकी तिथेच धास्ती वाटली. नैराश्याच्या आजारात औषधाने अंगात थोडी तरतरी आधी येते, मन उजळायला मात्र कित्येक आठवडे लागतात. हा मधला काळ फार जपायचा. इस्पितळातून घरी आणल्यानंतरचे पहिले दिवसही तसेच.

घरात पाहिले, तर भाताच्या कणगीशेजारी फवारणीच्या औषधाचा डबा, आणि मुलाच्या उशाशी महिन्याभराच्या गोळ्या. त्या मीच दिलेल्या! एस.टी.चे भाडे वाचावे म्हणून. चूक माझीच. डबा त्याच दिवशी चुलत्याकडे कुलपात गेला. गोळ्या आता आठवड्यापुरत्याच, त्याही वहिनीच्या ताब्यात.

मग मुलालाच विचारले, “जीव द्यावा असं अजून मनात येतं का?” आई दचकली. पण वाचकहो, विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट कोंडलेले माणूस मोकळे होते. तो रडला, बराच वेळ बोलला. त्याच्याजवळ आळीपाळीने कोणीतरी राहायचे ठरले. बापाला भगताकडेही न्यायचे होते. म्हटले न्या, पण गोळी चुकवू नका.

काही वेळा घर पुरे पडत नाही. रुग्ण कसे मरायचे ते ठरवून बोलू लागला, कानात हुकूम देणारे आवाज येऊ लागले किंवा सोबतीला माणूसच नसले, तर सकाळची वाट न पाहता शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. गाडीसाठी १०८. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा फोन ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस फुकट चालतो, मराठीतही. पोलिसांच्या भीतीने पुष्कळजण असा प्रसंग लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच मानायचे आहे, आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे.

मंगळवारी वहिनी गोळ्यांचे रिकामे पाकीट घेऊन आली. तो अजून शेतावर जात नाही. रात्री मात्र थोडा झोपतो, म्हणाली.