जे आधी होईल ते

सकाळी ८.३०

उद्यमनगरात आमचं शटर वर गेलं की आधी उदबत्ती, मग पट्टी. रात्री मुक्कामाला राहिलेल्या गाड्यांचं ऑइल बघायला ही वेळ उत्तम. इंजिन गार असतं, सगळं ऑइल निथळून चेंबरात बसलेलं असतं आणि आमची फरशी सपाट आहे. नवीन पोरगं पट्टी ओढतं आणि लगेच उजेडात धरतं. "आधी पूस. पुसून परत घाल, मग काढ." पट्टीवर दोन खुणा असतात आणि बहुतेक छोट्या गाड्यांत त्यांच्यामधलं अंतर लिटरभराचं असतं. खालच्या खुणेखाली गेलं की धोका, हे कुणालाही कळतं. वरच्या खुणेच्या वर भरलं तरी धोका असतो, हे त्याला आज नव्यानं कळलं. जादा ऑइल क्रँकशाफ्ट घुसळत बसतो, त्याचा फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

९.१५

निवृत्त गुरुजींची वॅगनआर काल संध्याकाळीच येऊन पडलीय. मागचं ऑइल बदलून दोन वर्षं होऊन गेली आणि गाडी तेवढ्यात साडेचार हजार किलोमीटरसुद्धा चाललेली नाही. गुरुजी स्वतः आलेत, वाद घालायच्या तयारीनं. "दहा हजाराला बदलायचं असतं ना? मग अर्ध्यातच कशाला?"

मी बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण फिरवलं आणि उलटं करून त्यांच्या हातात दिलं. आतल्या बाजूला पिवळट, साईसारखा थर बसला होता. बोट लावलं की बोटाला येतो. असा थर दिसला की कुणाच्याही मनात पहिल्यांदा हेड गॅसकेट येतं, म्हणून कूलंटची पातळी बघितली. बरोबर होती. पट्टीवरचं ऑइलही दुधाळ नव्हतं. म्हणजे गॅसकेट ठीक. हे पाणी इंजिनानं स्वतःच तयार केलेलं.

पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफही होते, आणि त्यातली थोडी पिस्टनच्या कडेनं खाली ऑइलात उतरते. इंजिन चांगलं तापून अर्धा तास चाललं तर ती उडून जाते. गुरुजींची गाडी घरापासून मंडईपर्यंत जाते, तिथं तासभर थांबते आणि परत येते. इंजिन तापायच्या आतच बंद. शिवाय गार इंजिनाला पेट्रोल जादा लागतं, त्यातलं न जळलेलंही खाली झिरपतं. पाणी, पेट्रोल आणि जळण्यातून आलेली आम्लं असं सगळं त्या तीन लिटरांत साठत राहतं. ती आम्लं मारायला ऑइलात जी रसायनं घातलेली असतात, ती गाडी चालो न चालो, संपत जातात.

कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते त्यांना उघडून दाखवलं: १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. लोक आकडा वाचतात आणि पुढचे चार शब्द सोडून देतात. गाडी जपून वापरणारा माणूस ऑइल सगळ्यात जास्त खराब करतो, हे माझं मत बऱ्याच गिऱ्हाइकांना चमत्कारिक वाटतं. गुरुजींनाही वाटलं. मी म्हटलं, पंधरा दिवसांतून एकदा जोतिबाला जाऊन या, गाडीला बरं. "आणि पेट्रोल तुम्ही घालणार?" असं विचारून ते खुर्चीवर बसले. म्हणजे बदला.

१०.००

इंजिन चार-पाच मिनिटं चालवून घ्यायचं. कोमट ऑइल धाव घेतं आणि खालचा गाळ बरोबर घेऊन येतं. फार तापवलं तर हात भाजतो. गाडी रॅम्पवर, खाली पत्र्याचं घमेलं, १७चा रिंग पाना. पहिला झटका सोडला की नट हातानंच फिरवायचा, आणि शेवटच्या आट्याला आत दाबून धरत एकदम बाजूला ओढायचा. नाहीतर पहिली धार कोपरापर्यंत येते. घाई करायची नाही. धार संपून थेंब-थेंब व्हायला लागलं तरी दहा मिनिटं तसंच सोडायचं.

नटाला वायसर नवा. जुना एकदा दबलेला असतो, परत लावला तर महिन्याभरात फरशीवर डाग दिसतो. फिल्टरच्या रबराला बोटानं नवं ऑइल फिरवायचं, रबर टेकेपर्यंत हातानं आवळायचं आणि तिथून पुढं पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. पोराला हे पटत नाही, त्याला घट्ट म्हणजे चांगलं असं वाटतं. त्याच्यासाठी शेजारच्या रॅम्पवरची स्विफ्ट उपयोगी पडली. दुसरीकडं कुठंतरी कुणीतरी ड्रेनचा नट लांब दांडा लावून आवळला होता आणि चेंबरचे आटेच गेले होते. त्यात आज नवीन आटे पाडायचे आहेत. दहा मिनिटांचं काम अर्ध्या दिवसाचं झालं.

१२.००

टुरिस्ट इनोव्हा. पुणे, गोवा, विमानतळ असं अखंड चालणारी. ड्रायव्हर पट्टी काढून दाखवतो, "मिस्त्री, बगा की, काळं कुळकुळीत झालंय. पाच हजारच झाल्यात." मालकाचा फोन येतो, तो म्हणतो पंधरा हजारापर्यंत ओढा.

दोघांचंही मी ऐकत नाही. डिझेलचं ऑइल नवं घातल्यावर थोडं चाललं की काळं दिसायला लागतं. जळण्यातली काजळी भिंतींवर बसू न देता आपल्या पोटात धरून ठेवणं हेच त्याचं काम. ते काळं पडलं म्हणजे काम करतंय. बोटांत चोळून, वास घेऊन ऑइल ओळखणारे पुष्कळ आहेत आणि मीही सवयीनं चोळतो, पण त्यावरून निकाल देत नाही. उलटी फसगत सीएनजीच्या गाड्यांची. त्यांचं ऑइल बराच काळ सोनेरी दिसतं, कारण काजळी नाही. रंगावर जाणारा सीएनजीवाला निवांत राहतो, आणि ऑइल मात्र उष्णतेनं आतून थकलेलं असतं.

या इनोव्हाचे किलोमीटर हायवेचे आहेत. इंजिन तापलेलं, वेग एकसारखा, थांबणं-निघणं कमी. असे किलोमीटर ऑइलला हलके जातात. तिला पुस्तकातला आकडा पुरे: ड्रायव्हरच्या धास्तीनं आधी नको, मालकाच्या काटकसरीनं नंतर नको.

१.३०

डबा.

२.३०

एका तरुणानं नव्या गाडीसाठी ०डब्ल्यू-२० आणलंय, आणि त्याच्या काकांनी मध्ये पडून सांगितलंय की हे तर पाण्यासारखं पातळ, २०डब्ल्यू-५० घाल. जाड ते मजबूत, ही समजूत जुन्या गाड्यांच्या काळातली आहे आणि तेव्हा ती खोटी नव्हती. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्यात ऑइल किती चटकन वाहतं ते सांगतो आणि नंतरचा इंजिन तापल्यावर ते किती जाड राहतं ते. नव्या इंजिनातल्या फटी आणि ऑइलच्या वाटा त्या पातळ ऑइलच्या हिशेबानं केलेल्या असतात. सकाळी स्टार्टर मारल्यावर वरच्या कॅमपर्यंत जाड ऑइल उशिरा पोचतं, आणि झीज सगळ्यात जास्त होते ती नेमकी त्याच वेळी. काकांच्या जुन्या जीपला मात्र मी स्वतः जाडच घालतो.

डब्यावर एपीआय एसपी आहे का तेही बघितलं. हा दर्जा २०२० साली आला, आणि छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगाला अवेळी होणारे स्फोट आवरणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. ऑइल ओतून झाल्यावर रिकाम्या डब्याला पोरानं स्क्रूड्रायव्हरनं दोन भोकं पाडली. चांगले डबे भंगारातून उचलून त्यात काहीबाही भरून विकणारे असतात.

याच वेळात एक बीएस-६ डिझेल गाडी आली. तिचं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं. मालकाला आनंद. सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करायला इंजिनाकडून जादा डिझेल मागतो. गाडी मधेच बंद केली की ते काम अर्धवट राहतं आणि पुन्हा पुन्हा सुरू होतं. त्या खटाटोपात थोडं डिझेल ऑइलात उतरतं. वरच्या खुणेचं सकाळी सांगितलेलं पोराला इथं दिसलं. किलोमीटर न बघता ऑइल बदललं.

४.००

उसाचा हंगाम आहे, म्हणून गल्लीत ट्रॅक्टर. ट्रॅक्टर मी करत नाही, पण त्याचा हिशेब मला फार आवडतो. त्याला तासांचं मीटर असतं, आणि बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुस्तकात ऑइलला २५० तास लिहिलेले असतात. रस्ता किती कापला याच्याशी कर्तव्य नाही, इंजिन किती वेळ चाललं ते महत्त्वाचं.

हाच हिशेब मोटारीला लावून बघा. सरासरी ४० च्या वेगानं २५० तास म्हणजे १०,००० किलोमीटर. पण शहरातल्या गर्दीत सरासरी २० पडली, तर तेवढेच २५० तास ५,००० किलोमीटरमध्येच भरतात. सिग्नलला, लग्नाच्या हॉलबाहेर, शाळेसमोर एसी लावून उभी असलेली गाडी किलोमीटरच्या काट्यावर शून्य असते, इंजिन मात्र फिरतच असतं. कंपन्यांच्या पुस्तकांत मागच्या पानांवर 'कठीण वापर' असा तक्ता असतो: छोट्या फेऱ्या, धूळ, ओझं, उभ्या जागी चालणारं इंजिन. त्यात मुदत कमी केलेली असते, पुष्कळदा निम्मी. तो तक्ता आपल्यासाठी नाही असं प्रत्येकाला वाटतं. माझ्या हिशेबानं शहरातली निम्मी गिऱ्हाइकं त्यातच बसतात.

५.३०

जळक्या ऑइलच्या पिंपापाशी सेंट्रिंगवाला उभा. "दोन डबे द्या की वो, प्लेटांस्नी लावायला." पूर्वी सगळे द्यायचे. कुणी प्लेटांना लावायचं, कुणी कुंपणाच्या लाकडाला, आणि उरलेलं गटारात. आता २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते परवानाधारकालाच द्यायचं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करून शुद्ध करवून घ्यायची जबाबदारी आहे. नाही म्हटलं की तो रागावतो, आजही रागावला. कोपऱ्यावर त्याला मिळेल, हे मला माहीत आहे.

७.००

काचेवरचे स्टिकर लिहायचं काम मी पोराला देत नाही. किलोमीटर बारीक आणि तारीख मोठी लिहितो.

शटर ओढायच्या बेतात असताना सांगली रोडवरून फोन. "लाल दिवा लागलाय वो, ऑइलचा. बदलायची वेळ झाली वाटतं. हळूहळू येतो चालवत."

"चालवू नका. आहे तिथं बंद करा. आत्ता."

तो दिवा ऑइल जुनं झाल्याचा नसतो. दाब गेला, असं तो सांगतो. अशा वेळी दोन-तीन किलोमीटरसुद्धा इंजिन धरायला पुरतात. माणसानं ऐकलं. दोर घेऊन गेलो आणि टोचन करून गाडी आणली. खाली वाकून बघितलं तर चेंबरला दगडाचा मार, बोटभर चीर, आणि पट्टी कोरडी. हातानं क्रँक फिरवून बघितला, मोकळा फिरला. चेंबर उतरवून ठेवला. शेजारचा वेल्डिंगवाला सकाळी नऊला उघडतो.